मास्तरांचे त्र्याहत्तर खड्डे

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी गेंट शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मार्निक्सला सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मार्निक्सने पहिला प्रश्न विचारला तो असा :

"सायकल?"

"ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे नाही. जानेवारीतली तारीख देते."

"एप्रिलनंतरची द्या. एप्रिलमध्ये बारा टेकड्या आहेत."

बाई हॉलंडकडच्या, इथल्या सायकलवाल्यांच्या बारा टेकड्या त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यांना वाटलं, ह्या गृहस्थांना कुठेतरी डोंगर बघायला जायचंय. "मग आधी डोळेच करून घ्या की," त्या म्हणाल्या, "टेकड्या छान दिसतील."

ही हकिकत मार्निक्स आता स्वतःच रंगवून सांगतो, तेही न विचारता. त्या हिवाळ्यात आपण म्हणजे दंडाला पट्टा बांधलेलं गाढव होतो, हे त्याचं वाक्य तर आमच्या कॅफेत सगळ्यांना पाठ आहे. पण तेव्हा तो असं काही बोलत नव्हता. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेत भूगोल शिकवणारा, आणि 'समोरचा वारा' ह्या आमच्या सायकल क्लबाच्या पहिल्या गटाचा एकोणीस वर्षांपासूनचा कप्तान होता. मोतीबिंदू हा त्याच्या मते आजोबा लोकांचा आजार. त्याच्या वर्गात तो कधी शिकवला गेला नव्हता.

बारा टेकड्या म्हणजे एप्रिलचा पहिला शनिवार, एकशे साठ किलोमीटर आणि दमछाक करणारे बारा चढ. गावोगावचे क्लब आपापला गट घेऊन येतात. ही शर्यत नव्हे, असं पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि ते पत्रक कोणी वाचत नाही. गटातला शेवटचा माणूस रेघ ओलांडेल तेव्हा घड्याळ थांबतं, त्यामुळे एकट्याने पुढे पळून काही उपयोग नाही. चौदाच्या चौदा माणसं पाच तासांच्या आत घरी आणायची, ही कप्तानाची जबाबदारी. त्यासाठी अख्खा हिवाळा दर रविवारी साडेआठला ओमेरकाकांच्या कॅफेसमोरून निघायचं आणि तालीम करायची.

तालीम म्हणजे काय, तर एकमेकांच्या मागे चिकटून, पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत चालवायला शिकायचं. ताशी पस्तीसच्या वेगाने, पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. मागच्या माणसाला रस्ता दिसतच नाही, दिसते ती पुढच्याची पाठ आणि हात. सर्वांत पुढचा कप्तान डावा किंवा उजवा हात खाली करून ओरडतो, "खड्डा!" मग तोच हात एकामागून एक शेवटच्यापर्यंत जातो आणि सगळी रांग बाजूला सरकते. म्हणून कप्तानाच्या दंडावर आमच्या झेंड्याच्या रंगांचा, काळा-पिवळा-तांबडा पट्टा असतो. बाकीच्यांचे डोळे तो.

आणि ह्या डोळ्यांना खड्डे दिसत नव्हते.

माणसं दिसत, गाड्या दिसत, झाडंही दिसत. पण करड्या आभाळाखालच्या करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा काही केल्या दिसेना, आणि आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च दुसरा रंगच नसतो. मोटार चालवणं त्याने सोडून दिलं. पर्यावरणासाठी सोडलं, असं वर्गात सांगितलं आणि मुलांकडून टाळ्या घेतल्या. पट्टा मात्र सुटेना. शाळेत त्याला कोणी विचारत नव्हतं, घरी बायकोपुढे, हिल्डेपुढे, त्याचं काही चालत नव्हतं. रविवारी सकाळी तेरा माणसं आपल्या हाताकडे बघून वळतात, एवढी एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात मनासारखी चालली होती. ती सोडायची कशी?

शेवटी भूगोल मदतीला आला. बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी असते. मार्निक्स रबरी बूट चढवून, काठी आणि वही घेऊन बाहेर पडू लागला.

"ह्या पावसात कुठे चाललास?" हिल्डेने विचारलं.

"क्षेत्रभेट."

"एकटाच?"

"मुलांना सर्दी होते."

पाच बुधवारांत त्याने तालमीचे सगळे रस्ते पायी पालथे घातले. काठीने चाचपून एकेक खड्डा नोंदवला. एकूण त्र्याहत्तर. प्रत्येकाला नंबर आणि पत्ता : "एक्केचाळीस, चर्चनंतरचा तिसरा खांब, उजवीकडे, पाटाएवढा. बेचाळीस, गाईंच्या गोठ्याचं फाटक, डावीकडे, खोल." मग अंघोळ करताना, भांडी पुसताना, मुलांचे पेपर तपासताना पाढ्यांसारखं पाठांतर. ख्रिसमसपर्यंत त्याने बारा टेकड्यांचाही अख्खा रस्ता असाच घोकून टाकला. दोनशे चौदा खड्डे. बसने जाऊन, छत्री धरून. तेवढ्या वेळात दोनच काय, चार डोळ्यांची ऑपरेशनं झाली असती, पण हे गणित त्याला तेव्हा सुचलं नाही.

आणि चमत्कार म्हणजे, जमलं! रविवारी तो तोंडाने खांब मोजत पुढे चालवी, वेळेवर हात खाली करी आणि मागे टायर सुर्रकन बाजूला सरकल्याचा आवाज येई. कधी कधी त्याने हात केला नसतानाही तो आवाज येई, तेव्हा त्याला वाटे वाराच असेल. दोनदा त्याचं स्वतःचं चाक वहीत नसलेल्या खड्ड्यात आपटून वाकलं. "हल्लीच्या रिमा म्हणजे नुसता पत्रा," असं म्हणून त्याने नवीन घेतल्या.

त्यातच त्याच्या आनंदात भर पडली. मुलगी नेले, वय सव्वीस, गेंटला राहायची. कॉलेजात नाव वल्हवायची, त्यामुळे छाती आणि मांड्या मजबूत. पण सायकलीचं नाव काढलं की नाक मुरडणारी. ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी कोणाची तरी सायकल मागून घेऊन कॅफेसमोर हजर झाली.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तू?"

"का? मनाई आहे?"

मार्निक्सचा ऊर भरून आला. "रक्तात असावं लागतं," हे त्याने त्या दिवशी कॅफेतल्या प्रत्येकाला दोन-दोनदा ऐकवलं. दुसरा महिना उलटेपर्यंत पोरगी पहिल्या गटात टिकू लागली. ती कायम दुसऱ्या नंबरावर, बापाच्या चाकामागे, पण जरा एका बाजूला सरकून. धंद्याने कौलं घालणारा कूनराड त्या जागेवर अकरा वर्षं हक्क सांगत आला होता, एकदा तर त्यावरून हातघाईवर आला होता. त्याने चकार शब्द न काढता जागा सोडली. कूनराडला उशिरा का होईना, रीतभात आली म्हणायची, असं मार्निक्सला वाटलं.

एक-दोनदा नेले मागून ओरडली, "खड्डा, बाबा!" मार्निक्सने थांबून तिला समज दिली. "दुसऱ्याने ओरडायचं नसतं. रांगेला एकच आवाज असतो, कळलं?"

"कळलं, कप्तानसाहेब."

फेब्रुवारीत तिचे खांदे दुखायला लागले. हिल्डे रविवारी संध्याकाळी मलम चोळून द्यायची. मार्निक्सने चष्मा पुसत नेलेला हँडलच्या उंचीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. "बसायची पद्धत चुकतेय तुझी. हातांवर भार येतो." मग स्वतः पाना घेऊन तिचं हँडल बोटभर वर केलं.

"आता?"

"आता बरं वाटतंय," नेले म्हणाली आणि आईकडे बघून हसली.

मार्चमधल्या त्या रविवारी बारा टेकड्यांना तीन आठवडे उरले होते. शेवटची मोठी तालीम. वारा पाठीमागून, रांग अडतीसच्या वेगाने सुटलेली. चर्च आलं. पहिला खांब, दुसरा खांब. "एक्केचाळीस," मार्निक्स पुटपुटला, उजवा हात खाली केला आणि ओरडला, "खड्डा!"

मागे आवाज आला नाही.

त्याने काखेखालून मागे पाहिलं. एवढं त्याला दिसत होतं. रांग सरळच्या सरळ येत होती. एकही चाक हललं नव्हतं. गाईंच्या गोठ्याशी डावा हात, "खड्डा!" कोणी हललं नाही. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, तेच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता. उरलेले वीस किलोमीटर तो इतक्या जोरात चालवत आला की मागे दोघांना उलटी व्हायची वेळ आली.

कॅफेत ओमेरकाका, ऐंशीचे मालक आणि क्लबाचे अध्यक्ष, कॉफीचे कप मांडत होते. मार्निक्सने हेल्मेटही काढलं नाही. टेबलाच्या टोकाशी उभा राहिला, वर्गात राहतो तसा.

"कप्तान खड्डा दाखवतो," तो म्हणाला, "आणि एकाचंही चाक हलत नाही! चार वेळा! अरे, शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही? उद्या कोणी आपटलं, कोणाचं हाड मोडलं, तर तुमच्या बायकांना तोंड मी दाखवायचं? माझी स्वतःची मुलगी आहे रांगेत! तिला काही झालं असतं म्हणजे?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. नेलेने मान खाली घातली. कोणीतरी साखर ढवळत राहिलं, आणि आमच्या क्लबात साखर कोणी घेत नाही.

"कुठला खड्डा रे?" ओमेरकाकांनी विचारलं.

"चर्चनंतरचा तिसरा खांब, उजवीकडे! पाटाएवढा!"

"तो गुरुवारी बुजवला की."

"बुजवला? कोणी?"

"नगरपालिकेने. त्या रस्त्यावरचे सगळेच बुजवले. तुझ्याच पत्रावरून ना?" ओमेरकाकांनी त्याच्या पाठीमागच्या सूचनाफळ्याकडे बोट केलं. "आठवडा झाला, पालिकेचं उत्तर लावलंय तिथे. तुझं नाव छापलंय, म्हणून मुद्दाम लावलं."

मार्निक्स वळला. फळ्यावर एक पांढरा कागद होता. त्यावर काहीतरी काळं होतं. तो नाक लावेपर्यंत जवळ गेला तेव्हा कुठे अक्षरं लागली. एका जागरूक नागरिकाच्या बारा पत्रांची दखल घेऊन वगैरे वगैरे. खड्डे बुजवा म्हणून दर वर्षी एक, त्यातलं शेवटचं पत्र त्याने सप्टेंबरात धाडलं होतं, डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी. मग तो ते साफ विसरून गेला होता. बारा वर्षं पालिकेच्या नावाने बोटं मोडली, आणि मेल्यांनी ऐकलं ते नेमकं ह्या वर्षी!

पण मास्तर तो मास्तर. मुद्दा सोडेना. "बरं, बुजवला. पण मी हात केला होता. तुम्हाला मागून रस्ता दिसत नाही. मग बुजवलाय हे तुम्हाला कळलं कसं?"

शेवटी कूनराडने कप खाली ठेवला.

"मास्तर, आम्ही रस्ता कुठे बघतो? आम्ही हात बघतो."

"तेच म्हणतोय मी! माझा हात—"

"तुझा नाही रे," कूनराड हळूच म्हणाला.

मार्निक्सने पाहिलं, सगळे नेलेकडे बघत होते. ती दोन्ही हातांनी कप धरून बसली होती. खांदे पाडून, दमलेली. ते खांदे. अख्खा हिवाळा डावा-उजवा हात खाली करकरून दुखलेले, आणि ह्याने पाना घेऊन हँडल वर केलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"ती तुझ्या चाकामागे आली त्या दिवसापासून," कूनराड म्हणाला. "तुझा हात तसा बरोबर असायचा बरं का. पण वारा मागून असला की तू एक खांब उशिरा दाखवायचास. आणि थंडीने नवे पडले ते तुझ्याकडे नव्हतेच."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसलात?"

"काय सांगणार?" ओमेरकाका म्हणाले. "एकोणीस वर्षं तू ह्यांच्यासाठी वारा अंगावर घेतलास. शिवाय एवढी रुंद पाठ दुसरीकडे कुठे मिळते? पोरगी म्हणाली, मी सांभाळते. आम्ही म्हटलं, सांभाळ."

मार्निक्स खाली बसला. हेल्मेट डोक्यावर तसंच. काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यावी असं त्याला फार वाटलं, पण त्याने समोरच्या कॉफीत साखर टाकली आणि ढवळत राहिला.

घरी परत जाताना बापलेक शेजारी शेजारी चालवत होते, सावकाश.

"तुला सायकल आवडते ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"बाबा, बूड सोलवटतं, बोटं गोठतात, आणि तुम्हा सगळ्यांच्या पायांना त्या मलमाचा वास मारतो. मला होडी आवडते. होडीत खड्डे नसतात."

"मग का आलीस?"

"आईने दवाखान्याचं पत्र उघडलं. ऑक्टोबरात."

"मला सरळ सांगायचं होतं."

"आणि तू ऐकलं असतंस? तू एकटाच पहाटे बाहेर पडला असतास, वही घेऊन."

हे इतकं खरं होतं की त्याने वाद घातला नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. तेरा माणसं आणि स्वतःची पोर मागे घेऊन आपण पाच महिने आंधळ्यासारखे सुटलो होतो. एक खांब चुकला असता तर? तो रस्त्याच्या कडेला थांबला. नेलेही थांबली.

"दवाखान्यात एक तारीख रिकामी झालीय," ती म्हणाली. "आई रोज फोन करते. बारा टेकड्यांच्या आधीचा गुरुवार."

"आणि बारा टेकड्या?"

"मी नेते."

"तुला तर सायकल आवडत नाही!"

"म्हणूनच. मी पाच तासांच्या आत संपवीन. तुझ्यासारखी चढावर गप्पा मारत बसणार नाही."

त्याने दंडावरचा पट्टा काढायला घेतला. एकोणीस वर्षांची गाठ ती, सुटता सुटेना. आणि गाठही नीट दिसत नव्हती. शेवटी नेलेनेच दातांनी ओढून सोडवली. तिच्या दंडाला तो दोनदा गुंडाळावा लागला. मग त्याने मागच्या खिशातून वही काढली.

"ही घे. दोनशे चौदा आहेत. पाठ कर."

"बाबा," नेले म्हणाली, "मला दिसतं."

गुरुवारी उजवा डोळा झाला. वीस मिनिटं लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, टेकड्यांचं काय झालं? मार्निक्स म्हणाला, त्या दुसऱ्या कोणाला तरी दिल्या.

शनिवारी सकाळी आठव्या चढाच्या पायथ्याशी, वळणावर, घडीच्या खुर्च्या टाकून तिघं बसली : मार्निक्स, हिल्डे आणि ओमेरकाका. मार्निक्सच्या डोळ्यावर पारदर्शक प्लास्टिकची वाटी चिकटवलेली, त्यावर हिल्डेचा मोठा काळा चष्मा. येणारेजाणारे त्याला आंधळा समजून त्याच्यापुढून घाईघाईने बाजूला होत होते. त्याने चष्मा जरा वर करून बायकोकडे पाहिलं.

"तुला एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या गं?"

"घरी गेल्यावर आरशात बघ," हिल्डे म्हणाली. "मग मला सांग."

क्लबांमागून क्लब गेले. गवत हिरवं होतं, हे त्याला आठवतच नव्हतं. रस्ता करडा होता, पण एकच करडा नव्हता. त्यात पन्नास छटा निघाल्या, भेगा निघाल्या, खडी निघाली. आणि वळणापाशी डावीकडे एक भला मोठा खड्डा निघाला. त्याने मनात पाहिलं. नंबर एकशे अडतीस, डाव्या कुंपणाचा शेवटचा खुंट, घमेल्याएवढा. पत्ता अगदी बरोबर होता.

मग दोनशे मीटरवरून त्याला आपली माणसं दिसली. तेराच्या तेरा, एकमेकांना चिकटून, आणि सर्वांत पुढे वाऱ्यात मान घालून नेले. एवढीशी पाठ. तिच्यामागे कूनराडला आडोसा म्हणून काही मिळत नसणार, तरी तो मुकाट्याने चिकटून होता. वेग भयंकर होता. खड्डा जवळ आला.

मार्निक्स ताडकन उभा राहिला, डावा हात खाली केला आणि कुठल्याच डॉक्टरने परवानगी दिली नसती एवढ्या जोराने ओरडला, "खड्डा!" ओमेरकाकांचा बिअरचा ग्लास त्यांच्याच मांडीवर उपडा झाला.

त्याच क्षणी रस्त्यावर नेलेचा हात खाली गेला. मग कूनराडचा. मग त्याच्या मागच्याचा, त्याच्या मागच्याचा, शेवटच्यापर्यंत, आणि अख्खी रांग अलगद उजवीकडे सरकून खड्डा चुकवून गेली. हे मार्निक्सने कधी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं हे सगळं त्याच्या पाठीमागे घडत होतं.

रांग समोरून जाताना नेलेने मान वळवली नाही. नजर रस्त्यावरच. पण मोठ्याने ओरडली :

"बाबा, एकशे अडतीस!"

आणि चढाला लागली.

मार्निक्स उभाच राहिला. वाटीच्या कडेखालून पाणी गालावर यायला लागलं. हिल्डेने रुमाल काढला आणि वाटीला धक्का न लावता टिपून घेतलं.

"आता रडू नकोस," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय, डोळा ओला करायचा नाही."

"हिने पाठ केलंय गं," मार्निक्स म्हणाला. "दिसत असून पाठ केलंय."